पाळी बदलताना निरोप कुठे ठेवायचा: ग्रुपवर, मेलवर की रजिस्टरमध्ये?

भोसरीत आमच्यासारखी तीस-चाळीस माणसांची मशीन शॉप गल्लोगल्ली आहेत. दोन पाळ्या, पाच-सहा सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीन), गुरुवारची सुट्टी. नवं शॉप टाकणारे विचारतात, निरोपांसाठी काय ठेवलंय? मी तिन्ही वापरून पाहिलंय.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सगळ्यांत सोपा. खर्च नाही, कुणाला शिकवावं लागत नाही. ग्रुपवरचा मेसेज कुणी वाचला ते 'इन्फो'मध्ये दिसतं. ब्लू टिक बंद ठेवणाऱ्यालाही तिथे लपता येत नाही. मशीन बंद पडलं, मटेरियलची गाडी आली, उद्या लाइट जाणार, अशा निरोपांना याच्या तोडीचं काही नाही.

मापं मात्र तिथे नकोत. आमच्या एका जॉबचा (पार्टचा) बोअर, म्हणजे आतलं भोक, 32.03 मिमीवरून 32.08 झाला. सुपरवायझरने नव्या ड्रॉइंगचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून पाठवतं, त्यात 8 चा 3 दिसला. रात्रपाळीला वाटलं, काही बदललंच नाही. सकाळी प्लग गेज (भोकाचं माप तपासायची दांडी) आत जाईना. बोअर लहान राहिला म्हणून पुन्हा मशीनवर लावून मोठा करता तरी आला. उलटं झालं असतं तर सगळी रात्र भंगारात. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली असती तर हा घोळ टळला असता, पण घाईत ते कोण करतं? शिवाय मेसेज 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो, दोन दिवसांनीही सगळ्यांसाठी पुसता येतो. वाद झाला की बसा स्क्रीनशॉट शोधत.

मेल ग्राहकासाठी, शॉप फ्लोअरसाठी नाही. ऑपरेटर मेल उघडत नाहीत, आणि उघडावा अशी अपेक्षाही चुकीची. पण ड्रॉइंगची नवी रिव्हिजन मी फक्त मेलवर घेतो. "साहेब, फोनवर सांगितलं होतं ना" याला तेवढं एकच उत्तर आहे.

उरलं रजिस्टर. लोक हसतात, पण माझं मत यालाच. प्रत्येक मशीनला एक जाड वही: तारीख, पाळी, चालू जॉब, ड्रॉइंगची रिव्हिजन, कोणता ऑफसेट (मशीनला दिलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) किती हलवला, कोणता इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) बदलला, आणि खाली दोन सह्या, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. आमच्याकडे निम्मी पोरं बिहार-यूपीची. मराठी-हिंदीची लिपी एकच, त्यामुळे "टूल 4 घिसलाय, 0.02 दिया है" असली खिचडीही सगळ्यांना वाचता येते. दोष एकच: पाळी सुटताना प्रत्येकाचं लक्ष बसकडे. म्हणून येणाऱ्याला दहा मिनिटं आधी बोलावतो आणि त्या दहा मिनिटांचे पैसे देतो. ते वाचवायला गेलात तर वही ठेवूच नका, सह्या आंधळ्या होतील.

दहाच्या आत माणसं आणि एकच पाळी असेल तर ग्रुप आणि तोंडी निरोप पुरे, वहीचं लोढणं कशाला? दुसरी पाळी सुरू केलीत की मात्र त्याच दिवशी वही आणा. आणि पेन मशीनला दोरीने बांधा. आमचं तिसऱ्याच दिवशी गायब झालं होतं.