हँगर माझं, विमान त्यांचं: १४ महिन्यांच्या बलुत्याचा हिशोब

विमान माझं नाही, हे आधीच सांगून टाकतो. १९६८ सालचं पायपर चेरोकी १४० आहे, कागदावर चार सीट, खऱ्यात दोन माणसं आणि थोड्या बॅगा. मालक ७४ वर्षांचे रिटायर्ड मशिनिस्ट, घरी आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो. तोंडावर नावानं हाक मारावी लागते, इथं अमेरिकेत सगळे तसंच करतात, मला चौदा महिन्यांनी पण ते जडच जातं.

माझ्याकडे होतं ते हँगर, म्हणजे विमान ठेवायची शेड. ओहायोत डेटनजवळ काउंटीचं छोटं एअरपोर्ट आहे, टॉवर नाही काही नाही. तिथं टी-हँगरच्या वेटिंग लिस्टवर मी लायसन्स शिकत असतानाच नाव टाकून ठेवलेलं, साडेतीन वर्षांनी फोन आला की नंबर लागलाय, घेणार का. म्हणजे घोडा नाही आणि तबेला मिळाला अशी गत. सोडलं तर परत लिस्टच्या शेपटीला, आणि रिकामं ठेवून त्यात जुनं फर्निचर टाकावं म्हटलं तर ते चालत नाही, फेडरल पैसा घेतलेल्या एअरपोर्टवर हँगर विमानाच्याच कामाला वापरायचं असा एफएएचा, म्हणजे इथल्या विमान खात्याचा, नियम आहे, २०१७ पासून तर अगदी खुलासेवार. तिकडं आजोबांचं विमान उघड्यावर, टायडाउनला दोरानं बांधलेलं, पंखांवर बर्फ, आणि गारपिटीचा इशारा आला की म्हातारा रात्रभर जागा.

सौदा असा ठरला की हँगरचं भाडं महिना २४० डॉलर मी भरणार, विमान आत राहणार, त्याच्या बदल्यात मला महिन्याला ४ तास उडवायला. विमानाचा ड्राय रेट, म्हणजे पेट्रोल सोडून, तासाला ६० धरला. पेट्रोल ज्याचं त्यानं. शिवाय मी विमानावर अडीच तास काम केलं की अजून १ तास. आमच्या आजोळी लोहार वर्षभर विळे-खुरपी करून द्यायचा आणि सुगीला खळ्यावर येऊन बलुतं घेऊन जायचा, तसलंच हे, फक्त मापट्याच्या जागी टॅकोमीटर. आणि टॅक म्हणजे टॅक, हॉब्स नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. हॉब्स मीटर घड्याळासारखा पळतो, टॅक इंजिनच्या आरपीएमवर चालतो, टॅक्सी करताना आणि खाली उतरताना हळू पडतो. फ्लाइंग स्कूल हॉब्सवर बिल लावतं. या १४ महिन्यांत मी उडवलेले टॅकचे ५२.६ तास हॉब्सवर ६० च्या आसपास भरतील, हा फरक छोटा नाही.

आता काम. मी मेकॅनिक नाही. वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, हाताला ग्रीसची सवय आहे, तेवढंच. पण इथं पायलट लायसन्स असलेल्या माणसाला, तो स्वतः मालक असेल किंवा स्वतः उडवत असेल त्या विमानावर, ठराविक बारीकसारीक कामं करता येतात, नियमात यादीच दिलीय. ऑइल बदलणं, प्लग काढून साफ करणं, टायर, लाइटचे बल्ब, बॅटरी, चाकांच्या बेअरिंगला ग्रीस. शिकाऊ असताना नाही चालत. आणि काम झालं की लॉगबुकात काय केलं, तारीख, सही, लायसन्स नंबर. हे लिहायला कंटाळा करू नका, कागदावर नाही म्हणजे ते काम झालंच नाही असं समजतात.

ऑइल ५० तासांनी किंवा ४ महिन्यांनी, जे आधी येईल ते. आमचे तास कधीच आधी भरले नाहीत, दर वेळी कॅलेंडरच जिंकलं. गरम इंजिनातनं ऑइल काढायचं, फिल्टर कटरनं कापायचा आणि आतला कागद पिळून, पसरून, उजेडात धरून बघायचा की धातूचा चुरा चमकतोय का. पहिल्या वेळी मला दोन कण दिसले आणि छातीत धस्स झालं, आजोबांनी लोहचुंबक फिरवला, काही चिकटलं नाही, म्हणाले कार्बन आहे, चहा घे. त्यांच्या भाषेत कॉफी. प्लग ८, चार सिलिंडरना प्रत्येकी दोन. विमानाच्या १००एलएल पेट्रोलमध्ये शिसं असतंच, ते खालच्या प्लगमध्ये बारीक गोळ्या होऊन बसतं, टोचणीनं उकरून काढायचं, मग वरचे खाली आणि खालचे वर करून ३५ फूट-पाउंडला घट्ट. मला हे काम मनापासून आवडतं, का ते सांगता येत नाही.

एकदा काउलिंग, म्हणजे इंजिनवरचं झाकण, लावल्यावर एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर कमी निघाला. सव्वा तास शोधला. तो दिवस उडायचाच नव्हता, पण तो सापडल्याशिवाय विमान बाहेर काढायचं नाही हे आजोबांनी न बोलता दाखवलं, ते स्वतः गुडघ्यावर बसून शोधत होते. सीटच्या रुळाखाली सापडला. त्या सव्वा तासाचे मी पैसे, सॉरी, तास लावले नाहीत.

भांडण दोनदा झालं. पहिलं थंडीत. मी व्हीएफआरवाला, म्हणजे बाहेर नजरेनं बघून उडवणारा, ढग खाली आले की घरी. डिसेंबरात २.१ तास उडलो, जानेवारीत ०.८. आमच्या बोलण्यात महिन्याचे ४ तास महिन्यातच संपवायचे होते, आणि भाडं मात्र मी पूर्ण २४० भरतोय, विमान आत उबेत, हीटर लावून झोपलेलं. मला वाटायला लागलं आपण चुना लावून घेतोय. त्यांना वाटत होतं मी ऐन उन्हाळ्यात सगळे शनिवार-रविवार खाऊन टाकीन. शेवटी शिल्लक तास ३ महिने पुढं न्यायचे असं ठरलं, कामाचे तास मात्र कधीच बुडत नाहीत. बोलायला जो उशीर केला तो आमच्या मराठी भिडेपायी, त्यांनी पाच मिनिटांत मान्य केलं.

दुसरं भांडण मोठं. वार्षिक तपासणी, ॲन्युअल. ती दर १२ महिन्यांनी लागतेच आणि सही आयए, म्हणजे तपासणीचा अधिकार, असलेल्या मेकॅनिकचीच लागते, पण तो समोर असेल तर मदतीला मी चालतो. सीटा, पॅनेलं, चाकं सगळं मी उघडून दिलं, २६ तास गेले त्यात. कंप्रेशन बघताना ८० पाउंड हवा देऊन तीन नंबरच्या सिलिंडरवर ५४ च टिकली. एक्झॉस्टच्या नळीला कान लावला तर फुस्स आवाज, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. खर्च दोन हजारांच्या वर. आणि आमच्या करारात यावर एक अक्षर नाही! आजोबा म्हणे तू माझ्यापेक्षा जास्त उडवतोस, निम्मे दे. मी म्हटलं विमान विकलं तर निम्मे मला देणार का. आठवडाभर अबोला. मग मेकॅनिकनंच तोडगा काढला की ६० च्या रेटमध्ये इंजिनची झीज धरलेलीच आहे, तेव्हा पार्ट मालकाचा, आणि सिलिंडर उतरवा-चढवायला हात माझे, त्याचे तास नाहीत. हे आधी लिहिलं असतं तर तो आठवडा वाचला असता.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात. हँगर परस्पर दुसऱ्याला देणं बहुतेक ठिकाणी बंद असतं, आम्ही मॅनेजरला विचारून भाडेकरारावर दोघांची नावं घातली. इन्शुरन्सवर माझं नाव आहे, पण नुसतं पायलट म्हणून नाव असणं म्हणजे तुम्ही सुरक्षित असं नव्हे, कंपनी मालकाला भरपाई देऊन वसुलीला तुमच्या मागं येऊ शकते, तो वसुलीचा हक्क सोडल्याचं कंपनीकडून लिहून घ्या. अदलाबदलीत मिळालेली किंमत ही आयआरएसच्या, म्हणजे इथल्या इन्कम टॅक्सवाल्यांच्या, लेखी कमाई, त्यामुळं आपल्या सीएला, म्हणजे सीपीएला, विचारा. आणि आजोबा एकदा सहज म्हणाले, विमान रेडिओवाल्याकडे सोडून ये, ते तास फुकट धर. हे नाही करायचं. दुसऱ्याचं काम म्हणून उडालात आणि तास फुकट मिळाले की एफएए त्याला मोबदलाच मानतं, आणि प्रायव्हेट पायलटला मोबदला घेऊन उडता येत नाही. ते स्वतःच उडवत गेले, मी शेजारी बसलो.

तसंच मंडळातल्या एका मित्राचं डोकं चाललं की गणपतीच्या लिलावात तुझ्या विमानाची एक चक्कर ठेवूया. धर्मादाय फेरीसाठी वेगळे नियम आहेत, प्रायव्हेट पायलटला ५०० तास लागतात. माझे १९०. नारळ आणि पैठणीवर भागवा म्हटलं.

पैसे विचाराल तर १४ महिन्यांत भाडं ३,३६०, पेट्रोल २,६५०, इन्शुरन्समधला वाटा ३५०, एकूण ६,३६०. तेवढंच उडणं, म्हणजे हॉब्सचे ६० तास, स्कूलच्या सेसना १७२ विमानावर तासाला १६५ नं ९,९०० ला पडलं असतं. ३,५४० वाचले, आणि ६१ तास काम लिहिलेलं, न लिहिलेलं वेगळं. म्हणजे स्वस्तात उडायला मिळतं म्हणून यात येणार असाल तर येऊ नका, तेवढा ओव्हरटाइम केलात तर जवळपास तेच. माझा फायदा वेगळा झाला. आता उडताना इंजिनच्या आवाजात जरा फरक पडला की नुसती भीती वाटत नाही, काय असेल त्याचा अंदाज येतो, कारण ते सगळं मी उघडून बघितलेलं आहे.

करार परत वर्षभरासाठी केलाय, या वेळी दोन पानी. वहीत माझे ११ तास शिल्लक आहेत, आणि नोज स्ट्रट, म्हणजे पुढच्या चाकाचा शॉकअब्सॉर्बर, पुन्हा बसतोय, शनिवारी आजोबांनी सकाळी ८ ला बोलावलंय.