ॲपचं आजन्म सदस्यत्व, वर दोन महिने फुकट : 42,190 रुपयांना गंडलो

आधीच सांगतो, मी कुणाला ओटीपी दिला नाही. कसली लिंक दाबली नाही, वीज तोडायची धमकी देणारा फोन उचलला नाही. हे सांगायचं कारण, तक्रार घेऊन जिथं जावं तिथं पहिला प्रश्न हाच येतो. 'नाही' म्हटलं की समोरचा असा बघतो, जणू माझे पैसे गेलेच नाहीत.

लातूरच्या मार्केट यार्डात माझी आडत आहे. बावीस वर्षं सोयाबीन आणि तूर घेतोय. दाणा दाताखाली धरला की ओल बाराच्या आत आहे का वर, ते मशीन लावायच्या आधी सांगतो. पोत्याचं तोंड बघून कधी सौदा केला नाही, सळई खुपसून मधला माल काढतो. आणि त्याच मी मोबाइलमधल्या एका ॲपवर 42,190 रुपये घालवले. घरात अजून कुणी जोरात हसलं तरी मला वाटतं माझ्यावरच हसतंय.

ऑगस्ट 2023 मध्ये शुगर निघाली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी 8.4. डॉक्टर म्हणाले, चाला आणि रोज लिहून ठेवा. पहाटे साडेपाचला क्रीडा संकुलावर आमचं दहा जणांचं टोळकं जमायचं, व्हॉट्सॲपवर गटाचं नाव 'चालते व्हा'. त्यातल्याच एकाने हे ॲप दाखवलं. पावलं मोजायचं, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर नोंदवून घ्यायचं, वजनाचा आलेख काढायचं, गटात कोण पुढं ते दाखवायचं. आणि सगळं मराठीत. एक कबूल करतो, पहिले काही महिने ते झकास चाललं. माझी 8.4 ची 6.9 झाली. त्यामुळे 'बोगस ॲप कळलं नाही का' असं विचारू नका. बोगस नव्हतंच ते. चालू दुकान होतं. आतला माल आणणं बंद झालं होतं आणि गल्ला तेवढा उघडा ठेवला होता.

जानेवारी 2024 मध्ये संक्रांतीची ऑफर आली. आजन्म सदस्यत्व. प्ले स्टोअरमधून घेतलं तर 7,999, थेट यूपीआयने भरलं तर 4,999. कारण दिलं की स्टोअर कमिशन कापतं, ते तुमचं वाचवतो. आडत्याला कमिशन वाचवायचं सांगितल्यावर आडत्या काय करणार? भरले. (इथंच एक ऐकून ठेवा. स्टोअरबाहेर पैसे दिले की परताव्यासाठी स्टोअर तुम्हाला ओळखत नाही. क्रेडिट कार्ड असतं तर बँकेकडे निदान चार्जबॅक (म्हणजे कापलेले पैसे परत फिरवणं) मागता आला असता.)

आता पाडव्याचं. 9 एप्रिल 2024. हा दिवस मी रोज आठवतो.

सकाळी गुढी उभारून दुकानावर आलो, पूजा केली. ॲपवाल्यांच्या सपोर्टचा मेसेज होता : गट घेऊन या, माणशी 3,999, आणि गट आणणाऱ्याला सदस्यत्वावर दोन महिने जादा. परत वाचा. माझं सदस्यत्व आजन्म होतं. त्यावर दोन महिने जादा! म्हणजे तेराव्यानंतर दोन महिने मी वर पावलं मोजत फिरणार होतो. तेव्हा मला हसू आलं. मुनीमालाही वाचून दाखवलं, तोही हसला. दोघं हसलो, पण ज्याला स्वतः काय विकतोय हे आठवत नाही त्याच्याकडून माल घ्यावा का, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

त्याहून वाईट पुढं आहे. गटातल्यांना खात्री पटावी म्हणून मी स्टोअरमध्ये ॲपची माहिती उघडली आणि स्क्रीनशॉट काढून टाकला. तो अजून 'चालते व्हा'वर आहे. त्यात खाली स्पष्ट लिहिलंय : शेवटचं अपडेट 17 नोव्हेंबर 2023. पाच महिने कुणी त्या ॲपला हात लावला नव्हता आणि तो पुरावा मीच माझ्या हाताने नऊ जणांना वाटला. कुणाचं लक्ष गेलं नाही. गेलं असतं तरी मी गप्प केलं असतं, कारण तेव्हा मी फार जोरात होतो.

नऊ जणांनी मला रोख दिले. 35,991 रुपये मी माझ्या खात्यातून एका फटक्यात पाठवले. पावती आली, त्यावर जीएसटी नंबर नाही. मी दिवसभर जीएसटीची बिलं फाडणारा माणूस! सणाचा दिवस होता, गिऱ्हाईक होतं, असं मी स्वतःला सांगत असतो. पटत नाही.

सप्टेंबरमध्ये नवीन आवृत्ती येणार म्हणून आणखी 1,200 घेतले. ते मी एकट्यानेच दिले, ही देवाची कृपा.

डिसेंबरमध्ये मनगटावरचा पावलं मोजायचा पट्टा ॲपला जुळेना. चार किलोमीटर चालून आलं तरी शून्य पावलं. पहाटे एकेक जण मोबाइल माझ्या तोंडासमोर धरायला लागला. "शेठ, तुमचं ॲप चालेना की ओ." तुमचं ॲप! सपोर्टचं उत्तर रोज एकच : आमची टीम यावर काम करत आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्व्हरच बंद पडला. माझ्या शुगरच्या सतरा महिन्यांच्या नोंदी त्यात गेल्या. नोंदी बाहेर काढायच्या बटणावर पहिल्या दिवसापासून 'लवकरच येत आहे' लिहिलेलं होतं. ते बटण चालत नसेल तर त्या ॲपमध्ये एक आकडासुद्धा लिहू नका, फुकट असलं तरी.

पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या भाच्याला दाखवलं. तो म्हणाला, "मामा, हे ॲप पावलांच्या आकड्यांसाठी गूगल फिटवर अवलंबून होतं. मे 2024 मध्येच गूगलने सांगितलं होतं की ती जुनी सोय बंद होणार, हेल्थ कनेक्ट या नव्या सोयीवर या. यांनी काहीच केलं नाही. काम करणारी पोरं कधीच सोडून गेली असणार." सोडून जाऊ द्या. धंदा बुडतो, आमच्या यार्डातही आडती बुडाल्यात. एंडोमोंडो नावाचं मोठं ॲप 31 डिसेंबर 2020 ला बंद झालं, पण आधी सांगून, आणि लोकांना आपापल्या नोंदी उतरवून घ्यायला वेळ देऊन. माझा राग बंद पडल्याचा नाहीच. नोव्हेंबरात काम थांबवून एप्रिलमध्ये आजन्म विकलं, याचा आहे.

आता तक्रारीची वारी. पोलीस ठाण्यात गेलो तर विचारलं, ओटीपी दिला का? नाही. मग पैसे कसे गेले? मी पाठवले. मग फसवणूक कशी? सेवा आवडली नाही तर हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा. मी म्हटलं, साहेब, काम बंद असताना पैसे घेतले. ते म्हणाले, काम बंद होतं हे तुम्ही सिद्ध करा. बँकेत गेलो तर मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली : पिन तुम्हीच टाकलाय काका, आम्ही काय करणार? वर विचारलं, 35,991 तुमच्या खात्यातून गेले, मग हे बाकीचे नऊ जण कोण? त्यांची लेखी नोंद आहे का? नाही ना. संकुलाच्या कट्ट्यावर चहा पिता पिता घेतलेल्या पैशांची नोंद कोण ठेवतं! (ठेवा. दुसऱ्याचे पैसे स्वतःच्या खात्यातून कधी पाठवू नका, सख्खा भाऊ असला तरी.) पुन्हा ठाण्यात गेलो, तर पहिले साहेब रजेवर, नव्या साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगा. तिसऱ्या खेपेला त्यांनी अर्ज ठेवून घेतला. पोच मागितली तर म्हणाले, विश्वास नाही का? आता मी विश्वासावरच गंडलेला माणूस, मला हा प्रश्न! जीव तोडून सांगितलं तेव्हा कुठं शिक्का मारून दिला, तोही असा पुसट की तारीख लागत नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

पावतीवरच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. लिफाफा 'लेफ्ट', म्हणजे पत्ता सोडून गेले, असा शेरा घेऊन परत आला. तिथल्या ओळखीच्या एकाला पाठवलं तर कळलं, तासावर टेबल भाड्याने मिळतं ते ठिकाण आहे.

गटात एक निवृत्त बाई आहेत, आम्ही काकू म्हणतो. पेन्शनमधले 3,999 त्यांनी मोजून दिले होते. त्यांचे मी माझ्या खिशातून परत केले. नको म्हणाल्या, पण दुसऱ्या दिवसापासून पुन्हा माझ्याशेजारी चालायला लागल्या. बाकी दोघं आता विरुद्ध दिशेने चकरा मारतात.

माझ्यासारखं कुणाचं झालं असेल तर हे तेवढं बघा. 1930 हा नंबर सायबर चोरीसाठी, आणि तोही लगेच लावायचा, महिन्याने नाही. सेवेच्या तक्रारीला ग्राहक हेल्पलाइन 1915. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, कंपनी कुठलीही असो. आणि सेवेसाठी आपण भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्क लागत नाही. हे मला कुठल्याही टेबलावर कुणी सांगितलं नाही, वकिलाने सांगितलं. मुदत दोन वर्षांची, म्हणून 'बघू दिवाळीनंतर' करू नका. स्क्रीनशॉट आजच काढा, ॲप स्टोअरमधून उडालं की तेही मिळत नाहीत. आमचा तो पाडव्याचा स्क्रीनशॉट आता वकिलाच्या फाइलमध्ये पहिलाच कागद आहे.

एकसारखी तक्रार असलेल्यांना ग्राहक आयोगाची (ज्याला आपण अजून ग्राहक मंच म्हणतो) परवानगी घेऊन एकत्र दाखल करता येते म्हणे. आमच्या नवांपैकी सहा जणांनी सह्या केल्यात. काकूंनीही केली, पैसे परत मिळाले असूनही. उरलेले तिघं म्हणतात, जाऊ द्या शेठ, चार हजारांचं काय एवढं. त्यांच्याकडे रविवारी परत जाणार आहे.