दगडांचं वय काढून देणारी प्रयोगशाळा: काम चोख, अहवाल कंजूस

हिमोढावरच्या, म्हणजे हिमनदीने मागे टाकलेल्या दगडमातीच्या ढिगावरच्या, सहा शिळांचे माथे छिन्नीने फोडून या प्रयोगशाळेत पाठवले होते. हिमनदी हटल्यावर त्या शिळा उघड्यावर कधी आल्या, एवढंच मला हवं होतं. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांच्या माऱ्याने दगडातल्या क्वार्ट्झमध्ये बेरिलियम-१० (बेरिलियमचा एक किरणोत्सर्गी प्रकार) साठत जातं आणि साठ्यावरून वय निघतं, पण साठतं किती? ध्रुवाकडच्या अक्षांशांवर, समुद्रसपाटीला, ग्रॅममागे वर्षाला जेमतेम चार अणू. उंचावर जास्त. तरी हे मोजायचं म्हणजे स्वच्छतेचं वेड लागलेली माणसंच हवीत, आणि ती इथे आहेत.

क्वार्ट्झ हायड्रोफ्लुओरिक आम्लात पुन्हा पुन्हा धुतात, म्हणजे पावसाबरोबर येऊन कणांना चिकटलेलं बेरिलियम निघून जातं. मग अॅल्युमिनियम तपासतात. माझ्या तिसऱ्या नमुन्यात फेल्डस्पार, म्हणजे अॅल्युमिनियम असलेलं दुसरं खनिज, उरला होता, तर पुढे न ढकलता त्यांनी तो पुन्हा धुवायला घेतला आणि तसं कळवलंही. एका तुकड्याची जाडी मी लिहायला विसरले होते, तेही त्यांनीच विचारलं. पाच सेंटिमीटर जाडीलाच उत्तर सुमारे चार टक्क्यांनी हलतं, त्यामुळे ही किरकिर मला आवडली.

तक्रार अहवालाची. आकडे आले, पण कोऱ्या नमुन्याचं, म्हणजे दगड न घालता सगळ्या रसायनांतून काढलेल्या नमुन्याचं मोजमाप त्यात नव्हतं. ते वजा केलंय की मी करायचं? कोणतं प्रमाण, म्हणजे ज्याच्याशी ताडून मोजतात तो ठरलेला नमुना, वापरलं, हेही लिहिलेलं नाही. जुन्या आणि २००७च्या प्रमाणात जवळजवळ दहा टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे सोळा हजार वर्षांत दीड हजार इकडे-तिकडे! मेल टाकला, नवव्या दिवशी उत्तर आलं: वजा केलंय, प्रमाण नवं. दोन ओळींचं काम. माझ्या नमुन्यांत कोऱ्याचा वाटा एक टक्काही नव्हता, म्हणून निभावलं. शे-दोनशे वर्षांच्या कोवळ्या पृष्ठभागाचं काम असतं, तर दोनदा वजाबाकी होऊन सगळं बोंबललं असतं.

पाच शिळा सोळा हजारांच्या आसपास आल्या, सहावी एकतीस हजार. याचा दोष प्रयोगशाळेला देऊ नका. ती शिळा हिमनदीने उचलण्याआधीच कुठल्यातरी कड्यावर ऊन खात बसली असणार. बेरिलियमची जुनी शिल्लक घेऊनच आली.

पाचपैकी चार तारे. आता झीज मोजायला नदीची वाळू पाठवतेय, आणि कोऱ्या नमुन्याचे आकडे पहिल्याच मेलमध्ये मागून ठेवलेत.