केस परत येणारच होते. मी त्यासाठी ४८,००० रुपये मोजले

मी फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात शिक्षिका आहे. गेल्या डिसेंबरमध्ये पणजीतील एका केसांच्या उपचार केंद्रात मी ४८,००० रुपयांचा करार केला. कोणत्या भीतीपोटी आणि कोणत्या बोलण्याला भुलून मी तो केला, हे येथे क्रमाने लिहीत आहे. त्या केंद्राच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बायकांचे चेहरे मला अजून आठवतात, आणि तसेच चेहरे घेऊन आजही कोणीतरी तेथे बसले असेल, ही जाणीव मला स्वस्थ बसू देत नाही.

गोकुळाष्टमीच्या सुमारास मला डेंग्यू झाला. आठ दिवस ताप होता, नंतर अशक्तपणा राहिला. तरी चतुर्थीला गणपतीच्या वर रानफळांची माटोळी बांधायला मी उभी राहिले आणि आजारपण संपले असे समजून ते विसरूनही गेले. दिवाळी उलटली आणि केस गळू लागले. एरवी फणीला लागणारे चार केस आता मूठभर गुंतवळ होऊन हातात येऊ लागले, न्हाणीघराची मोरी एक दिवसाआड तुंबू लागली. एका लग्नासाठी अबोलीची फाती, म्हणजे गजरा, माळायला गेले, तर वेणी इतकी बारीक झाली होती की पिन धरेना. त्या दिवशी मी फाती न माळताच लग्नाला गेले.

त्यानंतरचे दोन महिने मी ज्या मनःस्थितीत काढले, ती केसगळती सोसलेल्यांनाच कळेल. सकाळी उशीवर पांढरा टॉवेल अंथरून मी पडलेले केस मोजत असे. आरसा दिसला की आधी भांगाकडे नजर जाई. धुताना जास्त गळतात म्हणून आठ-आठ दिवस डोके धुतले नाही, आणि मग धुतल्यावर आठवड्याचे साचलेले केस एकदम गळून आले, तेव्हा मी न्हाणीघरात बसून रडले. यजमान म्हणाले, "अगो, एवढा ताप येऊन गेला, येतील परत." सासूबाईंनी मायेने माका आणि जास्वंद घालून तेल उकळले. यजमानांचे बोलणे शब्दशः खरे ठरायचे होते. परंतु घाबरलेल्या मनाला घरच्या माणसाचे साधे बोलणे पटत नाही, त्याला यंत्र आणि पांढरा कोट हवा असतो.

ते दोन्ही पणजीत मिळाले. मोबाईलवर जाहिरात दिसली होती: केसांची तपासणी विनामूल्य. शनिवारी शाळा सुटल्यावर मी गेले. पांढरा कोट घातलेल्या एका तरुणीने माझ्या भांगावर पेनासारखा छोटा कॅमेरा टेकवला आणि समोरच्या पडद्यावर माझ्या डोक्याची त्वचा कित्येक पटींनी मोठी होऊन आली. उन्हाळ्यात भेगाळलेल्या शेतासारखी ती दिसत होती, आणि तिच्यातून एकेक केस काडीसारखा उभा होता. "हे बघा मॅडम, एका मुळातून तीन केस यायला हवेत, तुमच्या इथे एकच आहे. ही मुळं मरत आलीत. अजून सहा महिने थांबलात तर ती कायमची बंद होतील." शेजारी तिने दुसऱ्या कोणाच्या तरी दाट केसांचे चित्र लावले. मला घाम फुटला. एका मुळातून एकापासून चारापर्यंत केस येऊ शकतात आणि एकच केस असलेली मुळे प्रत्येकाच्या डोक्यावर असतात, हे मला पुढे डॉक्टरांकडून कळले. त्या क्षणी मात्र माझ्यापुढे मरत चाललेली मुळे होती आणि सहा महिन्यांची मुदत होती.

पुढचे सगळे वीस मिनिटांत उरकले. बारा बैठकांचा खर्च ८०,००० रुपये, परंतु आजच्या आज ठरवल्यास ४८,०००. तेही दरमहा ४,००० रुपयांच्या बारा हप्त्यांत. माझा फोन घेऊन तिने काही माहिती भरली, आलेला ओटीपी मला विचारला, आणि मी तो सांगितला. आपण एका वित्तसंस्थेचे कर्ज घेतले आहे, हे मला घरी परतताना कदंबाच्या बसमध्ये आलेल्या संदेशावरून समजले. करारपत्र चार पानांचे, बारीक अक्षरातील इंग्रजीत होते. त्याची प्रत मी मागितली तेव्हा "मेलवर पाठवू" असे उत्तर मिळाले, आणि ती कधीच आली नाही. पावतीवर "वेलनेस सेवा" एवढेच लिहिले होते. नव्वद टक्के केस परत येण्याची जी हमी तोंडी दिली गेली होती, तिचा, किंबहुना केसांचाही, त्या कागदावर उल्लेख नव्हता.

बैठकीत वाफ देत, मालीश करीत, डोक्यावर लाल दिव्यांचे टोप ठेवीत आणि घरी लावायला तेलाची बाटली देत. पाचव्या बैठकीनंतर मला पूर्वीचे आणि आताचे छायाचित्र शेजारी ठेवून दाखवण्यात आले. दुसऱ्यात भांग खरोखरच अरुंद दिसत होता आणि मला आनंदही झाला. घरी येऊन मोबाईलवर ती छायाचित्रे मोठी करून पाहिली, तेव्हा लक्षात आले की माझ्या भांगाच्या उजव्या कडेला लहानपणापासून जो काळा तीळ आहे, तो पहिल्या छायाचित्रात आहे आणि दुसऱ्यात नाही. भांगच दुसरीकडे पाडलेला होता. पहिले छायाचित्र ओल्या केसांचे, वरून प्रखर दिवा सोडून काढलेले होते. दुसरे कोरड्या, फुगवलेल्या केसांचे.

त्याच आठवड्यात खाज सुरू झाली. कानांमागची त्वचा लाल झाली, बारीक पुळ्या आल्या. केंद्रात सांगितले गेले की रक्ताभिसरण वाढल्याची ती खूण आहे, तेल बंद करू नका. मी डॉक्टरांना भेटायचे म्हटले, तर डॉक्टर मुंबईहून महिन्यातून एकदा येतात असे उत्तर आले. त्यांचे नाव आणि नोंदणी क्रमांक विचारला, तर बोलणे बदलले गेले. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर दाखवणे २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार बंधनकारक आहे, हे मला तेव्हा माहीत असते तर पहिल्याच दिवशी विचारले असते. घरी येऊन मी बाटली उजेडात धरली. कागदी लेबलावर केंद्राचे नाव आणि "शंभर टक्के नैसर्गिक" एवढेच होते. परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक, बनवल्याची तारीख, यांपैकी काहीही नव्हते.

फेब्रुवारीत मी बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढला. तेथील डॉक्टरबाईंनी चिमटीत पन्नास-साठ केस धरून हलकेच ओढले, हातात आलेले केस पाहिले, आणि पहिलाच प्रश्न विचारला: गळती सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, एकाएकी वजन घटणे यांपैकी काही झाले होते का? पणजीत सहा आठवडे मला हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता.

त्यांनी जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगते. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणे हे स्वाभाविक आहे. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. मोठ्या तापाने शरीराला धक्का बसला की एरवी आळीपाळीने विश्रांतीला जाणारे केस पुष्कळ संख्येने एकदमच विश्रांतीला जातात, आणि मग दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. मूळ मेलेले नसते. त्यातून नवा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने वाढतो. बहुतेकांची अशी गळती सहा महिन्यांच्या आत थांबते, दाटपणा भरून यायला त्याहून अधिक काळ लागतो. त्यांनी हातआरसा देऊन माझ्या कपाळाच्या कडेला बोट ठेवले. तेथे दोन-दोन सेंटिमीटरचे, मऊ, सरळ उभे राहिलेले केस होते, टोकाला निमुळते. मी ते रोज आरशात पाहत होते आणि तुटलेले केस समजत होते.

हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉइडच्या तपासण्या झाल्या. फेरिटिन कमी निघाले, त्यासाठी लोहाच्या गोळ्या मिळाल्या. तेल त्याच दिवशी बंद झाले आणि पुळ्यांसाठी मलम दिले गेले.

या फसवणुकीचे मर्म मला सांगायचे आहे ते असे. ताप ऑगस्टमध्ये, गळती नोव्हेंबरमध्ये आणि नवे केस डोळ्यांना दिसणार फेब्रुवारी-मार्चमध्ये. कारण आणि परिणाम यांच्यात इतके अंतर पडते की माणसाला त्यांचा संबंध लागत नाही, आणि त्या अंतरात हे लोक दुकान मांडतात. माझा बारा बैठकांचा उपचार नेमका मार्चमध्ये संपणार होता. मला खाज सुटली नसती, तर कपाळावरचे ते नवे केस पाहून मी त्या तेलाचे गुण गायले असते आणि स्टाफरूममधील चार मैत्रिणींना तेथे पाठवले असते. त्या केंद्राच्या भिंतीवर ज्या समाधानी ग्राहकांची छायाचित्रे आहेत, त्यांतील किती जणींचे केस आपोआपच आले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सगळी गळती अशी आपोआप थांबते, असा याचा अर्थ कोणी कृपया काढू नये. भांग वर्षानुवर्षे हळूहळू रुंदावत असेल, घराण्यात तसे असेल, तर तो प्रकार वेगळा आहे. त्यावर मिनॉक्सिडिलसारखी औषधे आहेत, परंतु गुण दिसायला किमान चार-सहा महिने लागतात, सुरुवातीला गळती थोडी वाढूही शकते, आणि औषध थांबवले की मिळालेला लाभ ओसरतो. गरोदरपणी ते वापरत नाहीत. नाण्याएवढे गोल चट्टे पडणे, म्हणजे चाई, हा आणखी निराळा आजार. कोणता प्रकार आहे हे ठरवणे त्वचारोगतज्ज्ञाचे काम आहे. विक्रीचे लक्ष्य दिलेल्या मुलीचे नाही. टक्कल बरे करण्याचा किंवा नवे केस उगवण्याचा दावा औषधाने करू नये, असे १९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची 'जे' सांगते. हमी ऐकली की तेथूनच उठावे.

सध्या मी केसांसाठी करते ते फार थोडे आहे. आठवड्यातून दोनदा सौम्य शाम्पूने, कोमट पाण्याने डोके धुते. जे केस विश्रांतीला गेलेले असतात ते न धुतल्याने वाचत नाहीत, केवळ उद्यावर जातात. ओले केस विंचरत नाही आणि बांधत नाही, आणि पावसाळ्यात भिजून शाळेत पोचले तर अंबाडा सोडून आधी पंख्याखाली बसते. रुंद दातांचा कंगवा टोकांपासून वर आणते. घट्ट वेणी सोडून दिली आहे, कारण रोजचा ताण कपाळाकडची मुळे दुखावतो. खोबरेल तेल धुण्याच्या आधी केसांच्या लांबीला लावते. ते केसात मुरून तुटणे कमी करते, नवा केस मात्र उगवत नाही, आणि ही गोष्ट मी सासूबाईंना समजावली तेव्हा त्यांनीही ती मान्य केली. जेवणात कुळीथ, नाचणी, पालेभाजी आणि मासळी नियमाने असते. टॉवेलवरचे केस मोजणे बंद केले. महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच खिडकीत, कोरड्या केसांचे, तीळ दिसेल असा भांग पाडून एक छायाचित्र काढते. मधल्या दिवसांत आरशापुढे भांग तपासायचा नाही, असे स्वतःला बजावले आहे. पहिले दोन आठवडे ते जड गेले.

पैशांचे म्हणाल, तर सहा बैठका उरलेल्या असताना मी लेखी पत्राने परतावा मागितला. करारात परताव्याची सोय नाही, असे उत्तर आले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष सेवा थांबवून पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि बाटलीचे छायाचित्र जोडून बांबोळीच्याच अन्न व औषध प्रशासन संचालनालयाला पत्र दिले. हप्ते मी थांबवलेले नाहीत, कारण कर्ज माझ्या नावावर आहे आणि थकवल्यास माझीच पत बिघडेल. डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचे व्याज फेडून, दंडाशिवाय बाहेर पडण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाविषयीच्या नियमांत आहे; ज्यांनी कालपरवाच सही केली असेल त्यांनी वित्तसंस्थेला आजच लेखी कळवावे. माझी ती मुदत केव्हाच संपली होती. हेल्पलाइनच्या पत्रव्यवहारानंतर केंद्राने १२,००० रुपये देऊ केले. मी ते स्वीकारलेले नाहीत.

तिसऱ्या बैठकीच्या वेळी डिचोलीकडची एक महाविद्यालयीन मुलगी माझ्या शेजारी बसली होती, आणि आम्ही एकमेकींचे क्रमांक घेतले होते. गेल्या आठवड्यात मी तिला फोन केला. तिचेही केस टायफॉइडनंतर गळायला लागले होते, तिच्याही भांगाजवळ लाल पुळ्या आहेत, आणि हप्ते तिच्या वडिलांच्या खात्यातून जातात, जे तिने त्यांना अजून सांगितलेले नाही. सोमवारी मी रजा टाकली आहे. सकाळी तिला बांबोळीला दाखवायचे, आणि दुपारी जिल्हा ग्राहक आयोगात दोघींचे स्वतंत्र तक्रार अर्ज द्यायचे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही. तिला मी तेलाची बाटली, पावती, सगळे संदेश आणि दोन्ही छायाचित्रे सोबत आणायला सांगितले आहे, आणि जमल्यास वडिलांनाही.