कागद हातात घेऊन केलेली शहानिशा : फॅक्टचेक डॉट ऑर्ग

बराक ओबामा यांचा जन्म अमेरिकेत नव्हे तर केनियात झाला, त्यामुळे ते राष्ट्राध्यक्ष होण्यास पात्रच नव्हते, हा आरोप २००८ च्या निवडणुकीत पसरला आणि त्यानंतर कित्येक वर्षे टिकून राहिला. या आरोपात कितपत तथ्य आहे हे स्वतः तपासून पाहू इच्छिणाऱ्या वाचकाला मी सर्वप्रथम फॅक्टचेक डॉट ऑर्ग ही सेवा सुचवीन. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे अ‍ॅनेनबर्ग सार्वजनिक धोरण केंद्र ती २००३ पासून चालवते आणि वाचकाला त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

या सेवेचे सर्वांत मोलाचे काम ऑगस्ट २००८ मधले आहे. ओबामांच्या प्रचारयंत्रणेने जून महिन्यात हवाई राज्याच्या जन्मदाखल्याची स्कॅन केलेली प्रत प्रसिद्ध केली होती. त्यावर लगेच आक्षेप आले : शिक्का दिसत नाही, सही नाही, आणि दाखल्याचा क्रमांक काळा करून झाकलेला आहे. घरी बसून त्या प्रतीवर तर्क लढवणारे पुष्कळ होते. फॅक्टचेकच्या लोकांनी मात्र शिकागोतील प्रचार कार्यालय गाठले, मूळ दाखला हातात घेतला आणि त्याची जवळून छायाचित्रे काढली. कागदातून वर उठलेला शिक्का, मागच्या बाजूला निबंधकाच्या सहीचा ठसा, जून २००७ ही दाखला दिल्याची तारीख आणि न झाकलेला क्रमांक हे सारे त्या छायाचित्रांत वाचकाला दिसते. सपाट स्कॅनमध्ये उठावाचा शिक्का नीट उमटत नाही, ही साधी गोष्ट शंभर युक्तिवादांपेक्षा ती छायाचित्रे अधिक चांगल्या रीतीने पटवून देतात. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असे न सांगता पुरावाच वाचकापुढे मांडण्याची ही पद्धत मला फार आवडते, आणि या सेवेची खरी किंमत मी त्यावरूनच करतो.

दाखल्याला दुजोरा देणाऱ्या इतर गोष्टीही आहेत. होनोलुलुच्या दोन्ही दैनिकांत ऑगस्ट १९६१ मध्ये ओबामा दांपत्याला ४ ऑगस्ट रोजी मुलगा झाल्याची नोंद छापून आली होती. हवाईच्या आरोग्य विभागाच्या तत्कालीन संचालक चियोमे फुकिनो यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये मूळ नोंद स्वतः पाहिल्याचे जाहीर केले आणि जुलै २००९ मध्ये ओबामांचा जन्म हवाईतच झाल्याचे स्पष्टपणे सांगितले. त्या वेळी राज्याच्या गव्हर्नर लिंडा लिंगल या रिपब्लिकन होत्या, म्हणजे ओबामांच्या विरोधी पक्षाच्या. कटाचा दावा करणाऱ्यांकडे या मुद्द्याला समाधानकारक उत्तर मला कधी आढळले नाही.

या सेवेवर घेतला जाणारा एक आक्षेप मात्र गांभीर्याने पाहावा असा आहे. अ‍ॅनेनबर्ग फाउंडेशनच्या पैशातून शिकागोत शाळा सुधारण्याचा एक प्रकल्प चालला होता आणि १९९० च्या दशकात ओबामा त्याच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते. अ‍ॅनेनबर्ग हेच नाव असलेली संस्था ओबामांविषयी निःपक्ष कशी असेल, असे विचारले गेले. हा प्रश्न विचारण्यात काहीच गैर नाही. परंतु त्याचे उत्तर निधीच्या चर्चेत न शोधता छायाचित्रांत शोधावे, असे मला वाटते, कारण फुकिनो यांच्या निवेदनाशी किंवा १९६१ च्या वर्तमानपत्रांशी या संस्थेचा काहीही संबंध नव्हता आणि तरीही सर्व पुरावे एकमेकांशी जुळतात. व्हाइट हाउसने २७ एप्रिल २०११ रोजी जन्मनोंदीची सविस्तर प्रत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यातही तीच तारीख आणि होनोलुलु हेच जन्मस्थान होते.

उणीव सांगायची तर ती कायद्याच्या बाजूची आहे. २००८ च्या त्या लेखाचा सारा भर कागदावर आहे. पात्रतेचा प्रश्न मात्र कागदावर संपत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदानुसार राष्ट्राध्यक्ष जन्मतः नागरिक असलेला, किमान ३५ वर्षे वयाचा आणि १४ वर्षे देशात राहिलेला असावा लागतो. परंतु जन्मतः नागरिक कोणाला म्हणावे याची व्याख्या घटनेत दिलेली नाही. त्यामुळे जन्म होनोलुलुत झाल्याचे मान्य करूनही, वडील ब्रिटिश प्रजाजन होते म्हणून ओबामा अपात्र ठरतात, असा दुसरा दावा पुढे आला. त्याचा विचार करताना वाँग किम आर्क खटल्याचा १८९८ चा निकाल माहीत असावा लागतो. परकीय आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेला मुलगा नागरिकच असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले होते. याच आधारावर इंडियानातील अपील न्यायालयाने २००९ मध्ये ओबामांविरुद्धचा दावा फेटाळला. राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरलेले रिपब्लिकन नेते, पनामा कालव्याच्या क्षेत्रात जन्मलेले जॉन मॅकेन आणि कॅनडात जन्मलेले टेड क्रूझ, यांच्याबाबतही पात्रतेचा प्रश्न निघाला होता. तिथे जन्मस्थानाविषयी वाद नव्हता, वाद फक्त कायद्याचा होता, आणि तो समजून घेण्यासाठी अमेरिकी काँग्रेसच्या संशोधन सेवेने २०११ मध्ये तयार केलेला अहवाल अधिक उपयोगी पडतो.

म्हणून माझी शिफारस अशी आहे की फॅक्टचेकवर आधी दाखल्याची छायाचित्रे पाहावीत, त्यातली प्रत्येक मोठी करून शिक्का आणि तारीख स्वतःच्या डोळ्यांनी तपासावी, आणि त्यानंतर कायद्यासाठी संशोधन सेवेचा तो अहवाल वाचावा.