लेव्हल-डीबीतून नोंदी वाचायच्या कशा: स्ट्रीम की इटरेटर?

नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवायच्या साधनात) लेव्हल-डीबी, म्हणजे की आणि तिच्यासमोरची नोंद साठवणारा साधा डेटाबेस, घ्यायचं ठरलंय, पुट-गेट (एक नोंद टाकणं-काढणं) जमतंय आणि आता नोंदी सलग वाचायच्या आहेत, अशांसाठी हे लिहितोय. त्याच्या दोन पद्धती आहेत: स्ट्रीम नोंदी आपणहून ढकलत राहतो, इटरेटर आपण मागू तशी एकेक नोंद देतो. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं संकलनाचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे, आणि तिथे मी दोन्ही पद्धती वापरल्यात.

आमची की (नोंदीची ओळख) अशी असते: ‘०४१२!२०२४-०३-०१!१’. सभासद क्रमांक, तारीख, आणि शेवटी सकाळला १, संध्याकाळला २. क्रमांकाआधीचं शून्य सोडू नका. क्रम अक्षरांप्रमाणे लागतो, त्यामुळे शून्याविना १० हा ९ च्या आधी येतो. दहा दिवसांच्या बिलासाठी ‘जीटीई’मध्ये (इथपासून पुढे) १ तारीख आणि ‘एलटी’मध्ये (याच्या आधीपर्यंत) ११ तारीख द्यायची. ‘एलटीई’ (इथपर्यंत, हे धरून) लावून १० तारीख दिली, तर त्या दिवसाचं दोन्ही वेळचं दूध बिलातून गळतं, कारण ‘…१०!१’ हे ‘…१०’ पेक्षा मोठं ठरतं. हे स्ट्रीमला आणि इटरेटरला सारखंच लागू आहे.

वाचन सुरू होतानाची स्थितीच दोन्हीकडे शेवटपर्यंत दिसते. बिलं निघत असताना संध्याकाळचं संकलन चालू राहिलं तरी हिशेब डळमळत नाही. वेगाचं म्हणाल तर आमच्या संस्थेच्या साध्या कॉम्प्युटरवर मला तरी फरक जाणवला नाही. तुमचा डेटा फार मोठा असेल तर कदाचित जाणवेल.

माझ्यासाठी निकाल लागला तो स्ट्रीमच्या ‘डेटा’ इव्हेंटवर, म्हणजे प्रत्येक नोंदीला स्ट्रीम जी सूचना देतो तिच्यावर. प्रत्येक नोंद आली की सभासदाच्या खात्यावर काहीतरी लिहायचं असतं, म्हणजे अवेट (ते लिहून होईपर्यंत थांबणं) आलंच. पण त्या इव्हेंटचं फंक्शन असिंक केलं तरी स्ट्रीम त्याच्यासाठी थांबत नाही. पहिली नोंद लिहून व्हायच्या आत पुढच्या येऊन आदळतात. मग ‘एंड’ येतो, तेव्हा वाचन संपलेलं असतं, लिहिणं नाही. एरर कुठे दिसत नाही, बिलं छापली जातात, आणि शेवटच्या काही सभासदांची रक्कम कमी येते. पॉज आणि रिझ्यूम घालून हे सावरता येतं, पण ते प्रत्येक ठिकाणी आठवणीनं घालावं लागतं. ज्या रकमेवर कुणाच्या घरचा पेंडीचा आणि भुशाचा खर्च चालतो, तिथे आठवणीवर विसंबणं मला पटत नाही.

इटरेटरवर ‘फॉर अवेट’ लावलं की एक नोंद पूर्ण झाल्याशिवाय दुसरी पुढे येतच नाही. मधेच ब्रेक केलं किंवा एरर फेकली गेली, तरी इटरेटर आपोआप बंद होतो. स्ट्रीमला नुसतं ‘पाइप’ केलं (म्हणजे दुसऱ्या स्ट्रीमला जोडलं) असेल, तर पुढचं टोक बिघडल्यावर मागचं टोक तसंच उघडं राहतं; त्यासाठी ‘पाइपलाइन’च वापरावी लागते.

स्ट्रीमची जागा आहे, नाही असं नाही. दिवाळीच्या दूध फरकासाठी (सभासदांना वर्षाअखेर मिळणाऱ्या वाढीव रकमेसाठी) वर्षभराच्या नोंदी सीएसव्ही करून, झिप करून फाइलमध्ये टाकायच्या असतात, तिथे ‘पाइपलाइन’इतकं सुटसुटीत दुसरं काही मला सापडलेलं नाही. पण नोडच्या ‘रीडेबल डॉट फ्रॉम’ या फंक्शनमध्ये इटरेटर दिला की त्याचाच स्ट्रीम होतो, त्यामुळे इटरेटरपासून सुरुवात केल्यानं ही वाट बंद होत नाही.

आणखी एक बाब बघून ठेवा. ‘लेव्हल’ पॅकेजच्या ८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, स्ट्रीम देणारं ‘क्रिएट-रीड-स्ट्रीम’ हे फंक्शन आतून काढून टाकलंय. हवं असल्यास ‘लेव्हल-रीड-स्ट्रीम’ हे पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. जुना कोड नीट चालत असेल तर केवळ त्यासाठी तो उकरू नका. नवीन लिहिताय तर इटरेटरनं सुरू करा, असं मला वाटतं.