१०८० तेच, चित्र वेगळं: डीटीएचचं एचडी की डाउनलोड केलेलं एचडी?

चॅनेलच्या नावापुढे एचडी असतं आणि डाउनलोड केलेल्या फाइलवरही १०८० लिहिलेलं असतं. तरी तोच सिनेमा ४३ इंची टीव्हीवर दीड-दोन मीटरवरून पाहिला की फरक डोळ्याला कळतो. सिनेमात बहुतेक वेळा फाइल जिंकते, लाइव्ह क्रिकेटमध्ये चॅनेल.

आधी थोडा हिशेब. कॉम्प्रेस न केलेल्या, म्हणजे आकार न पिळलेल्या १०८०पी चित्राला (१०८० ओळींची पूर्ण फ्रेम एकदम) सेकंदाला साधारण ६०० मेगाबिट लागतात. सेकंदाला ५ मेगाबिटच्या फाइलमध्ये त्याचा एकशेविसावा भाग उरतो. म्हणजे चित्र दोन्हीकडे पिळूनच येतं. प्रश्न असतो तो पिळायला वेळ किती मिळाला याचा. फाइल तयार करताना एन्कोडर, म्हणजे चित्र पिळणारं सॉफ्टवेअर, आधी अख्खा सिनेमा चाळू शकतो. मग शांत संवादात बिट वाचवायचे आणि ते पावसाच्या किंवा गर्दीच्या प्रसंगात ओतायचे, असं त्याला जमतं. प्रक्षेपणात हे काम चालू कार्यक्रमातच उरकावं लागतं. त्यात उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरवर (सिग्नल पुढे पाठवणाऱ्या यंत्रणेवर) अनेक चॅनेल ठरावीक क्षमता वाटून घेतात. शेजारच्या चॅनेलवर धावपळीचा सामना लागला, तर तुमच्या सिनेमाच्या वाट्याचे बिट आटू शकतात. शिवाय वाहिनीकडून आधीच कॉम्प्रेस होऊन आलेलं चित्र डीटीएच कंपनी बहुधा पुन्हा कॉम्प्रेस करते.

हे नेमकं कुठे दिसतं? रात्रीच्या प्रसंगात काळ्या आभाळात पायऱ्यांसारखे पट्टे उमटतात. उधळलेला गुलाल, कारंजं, बक्षीस समारंभातले चमकते कागद यांवर चौकोन पडतात. कॅमेरा हलला की चेहऱ्याची त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते आणि थांबल्यावर अर्ध्या सेकंदाने तपशील परत येतो. तुलना करायची तर असेच प्रसंग निवडा. स्टुडिओतल्या बातम्या पाहून काहीच कळत नाही.

आता क्रिकेट. आपल्याकडचे एचडी चॅनेल १०८०आय असतात: सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, प्रत्येकात ५४० ओळी. डाउनलोड केलेली हायलाइट्स अनेकदा २५ फ्रेमची असतात. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू २५ फ्रेममध्ये दर फ्रेमला दीड मीटर उडी मारतो, ५० फील्डमध्ये पाऊण मीटर. चॅनेलवर चेंडू वाहत येतो आणि फाइलमध्ये तो टप्प्याटप्प्याने दिसतो, त्याचं कारण हे. कबड्डीतही तेच. बिट कमी असूनही इथे प्रक्षेपण सरस ठरतं, आणि हा फायदा कमी लेखू नये.

मात्र हे फील्ड नीट जोडण्याचं काम टीव्हीचं. सेट-टॉप बॉक्सचं आउटपुट ७२०पी वर असेल, तर बॉक्सच फील्ड जोडतो आणि वर चित्र लहानही करतो. ते १०८०आय वर ठेवून जोडणी टीव्हीवर सोपवणं बहुधा चांगलं. टीव्हीतला फिल्म किंवा सिनेमा मोड चालू ठेवा, कारण सिनेमाचे दोन्ही फील्ड एकाच फ्रेममधले असतात आणि ते जसेच्या तसे जुळवता येतात. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट निवडा. एवढ्यानेच बारीक अक्षरं टोकदार होतात.

सिनेमाबद्दल आणखी एक. २४ फ्रेमचा सिनेमा २५ वर चालवला की चार टक्के वेगाने पळतो आणि दोन तासांचा सिनेमा एक तास ५५ मिनिटांत संपतो. स्वर वेगळा दुरुस्त केला नसेल तर गाणीही किंचित चढी ऐकू येतात. चांगल्या फाइलमध्ये मूळ २४ फ्रेम टिकतात.

फाइल जोखायला सोपं सूत्र: तासाला जितके जीबी, त्याची २.२ पट म्हणजे सेकंदाला मेगाबिट. दोन तासांची ४.५ जीबीची एच.२६४ (व्हिडिओ पिळण्याची एक रूढ पद्धत, म्हणजे कोडेक) फाइल म्हणजे ५ मेगाबिट, आणि तेवढ्यात सिनेमा छान दिसतो. दीड जीबीत बसवलेला १०८०पी हा नावापुरता. त्यापेक्षा त्याच आकाराचा ७२०पी स्वच्छ दिसेल. त्यानंतरची एच.२६५ पद्धत असेल तर साधारण निम्म्यात भागतं, पण जुने टीव्ही ती फाइल वाजवत नाहीत. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये कंट्रोल आणि जे दाबलं की कोडेक आणि फ्रेमचा वेग दिसतो. ओटीटी अ‍ॅपमधून डाउनलोड करताना सेटिंगमध्ये व्हिडिओचा दर्जा आधी वाढवा. अँड्रॉइड फोनला वाइडवाइन एल१ (व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या संरक्षणाची वरची पातळी) नसेल, तर बहुतेक मोठी अ‍ॅप एचडी देतच नाहीत, पडदा कितीही भारी असो.

डिश हलवून चित्र टोकदार करून देतो असं कुणी म्हणालं, तर पैसे देऊ नका. डिजिटल सिग्नल कमी पडला की चित्र धूसर होत नाही. ते फुटतं, अडकतं आणि मग जातं, जसं पावसाळ्यात मुसळधार सरीत होतं. चित्र सतत मऊ दिसत असेल, तर बॉक्सच्या मागे बघा. एचडी बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने जोडला असेल, तर एचडीचे पैसे भरूनही टीव्हीपर्यंत पोहोचतं ते एसडीच, म्हणजे जुन्या साध्या दर्जाचं चित्र. तिथे एचडीएमआय लावा. आणि ४ जीबीपेक्षा मोठी फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल, तर तो बहुधा फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. आतला डेटा आधी काढून घेऊन एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फक्त टीव्ही एक्सफॅट वाचतो का ते पाहून.